हैबती जाळीपाशी आला तेव्हा

भात निघालं, की पाली गावाखालच्या एका खाचरात ढेकळं फोडून जमीन सपाट व्हायची. दोन वासे रोवून त्यांच्यामध्ये वाखाच्या दोरीची जाळी बांधली, की व्हॉलीबॉल सुरू. एका बाजूला नऊ जण, तीन रांगांत तिघे-तिघे. पंगतीत घरच्या माणसाचं पान ठरलेलं असावं तशी ज्याची त्याची जागा ठरलेली. जाळीपाशी मधोमध पाटलांच्या घरचे बाजीदादा. उंचेपुरे, हात असा की चेंडू पलीकडे पडल्यावर धूळ उडायची. आणि मागच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात, बांधाला लागून हैबती.

हैबती वरच्या धनगरवाडीचा. गुरं आणून बांधली की डोंगर उतरून यायचा. बांधापलीकडे खालचं खाचर होतं. चेंडू तिकडे गेला की आणायचा त्यानंच. त्याला त्यात काही वाटत नसे. जन्मभर गुरांच्या मागं चाललेला माणूस. मागची जागा त्याला आपलीच वाटायची. खेळायला बोलावतात हेच त्याला पुष्कळ होतं.

त्याची आई बयाबाई म्हणायची, "आरं, डोंगरात गुरं वळतोस, हितं येऊन चेंडू वळतोस. फरक काय?"

"चेंडू शिंगं मारत न्हाई, आये."

सत्तावन्न साली गावातला चिमाजी फौजेतून रजेवर आला आणि नवा नियम घेऊन आला. आता सहाच गडी. पुढं तिघं, मागं तिघं. समोरच्याकडून सर्व्हिस जिंकली, की सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. देवाला प्रदक्षिणा घालतो, त्याच दिशेनं.

"म्हंजे म्या मागं जायाचं?" बाजीदादांनी विचारलं.

"व्हय दादा. पाळी आली की."

"आन् हैबती पुढं?"

सगळे हसले. हैबतीही हसला. नऊ जणांतले तिघं कमी होणार, त्यात पहिला आपणच, हे त्यानं मनाशी धरलं होतं. चिमाजीनं मात्र त्याला ठेवून घेतलं. "मागं पडणारा चेंडू ह्याच्यासारखा कुणी उचलत न्हाई," तो म्हणाला. मग हैबतीकडे वळून म्हणाला, "पर भोरला सामना हाय. तिथं जाळीपाशी आल्यावर डगमगलास, तर तुझ्या जागी ज्ञानूला उभा करीन. मग पुना बोलवायचो न्हाई."

डोंगर ओलांडून ते भोरला पोचले. सामना उत्रोली गावाशी होता. मागची जागा हैबतीनं नीट सांभाळली. मग पालीनं सर्व्हिस जिंकली, सगळे सरकले, आणि हैबती पुढच्या रांगेत डावीकडे आला. त्याच्या बरोबर मागं बाजीदादा.

चिमाजीच्या हातून सर्व्हिस सुटायच्या क्षणी शिट्टी वाजली. पंच म्हणाले, "पुढचा गडी मागच्याच्याही मागं उभा आहे. सर्व्हिस गेली."

हैबतीनं खाली पाहिलं. पाय आपोआप मागं आले होते. तो बाजीदादांच्या पलीकडे जाऊन उभा होता. तो पुन्हा पुढं गेला. उत्रोलीचा गडी सर्व्हिस करायला गेला आणि हैबतीचे पाय पुन्हा सरकले. पुन्हा शिट्टी. उत्रोलीला गुण. बघणारे हसू लागले. चिमाजीनं बाहेर बसलेल्या ज्ञानूला खूण केली. ज्ञानू उठला.

"थांब रं," बाजीदादांनी हात वर केला. "हैबती, का सरकतोस मागं?"

हैबतीची मान खाली. "तुमी मागं हायसा, दादा. तुमच्याकडं पाठ करून कसं उभं ऱ्हाऊ?"

त्या मुलखात वडीलधाऱ्याकडे कुणी पाठ करत नसे. चिमाजी फौजेत राहून ते विसरला होता. बाजीदादा मोठ्यानं हसले.

"आरं, घरी येशील तवा नको करूस. हितं कर. माझ्या तोंडात काय बघण्यासारखं हाय? म्या सांगतो, फीर तिकडं."

हैबती फिरला. पहिल्यांदाच त्याच्यापुढं कुणाची पाठ नव्हती. फक्त जाळी, जाळीपलीकडे उत्रोलीची तोंडं, आणि त्यांच्यावर उघडं आभाळ. ज्ञानू खाली बसला.

उत्रोलीची सर्व्हिस आली ती नेमकी बाजीदादांच्या पायाशी. उभ्या जन्मात त्यांनी असा चेंडू उचलला नव्हता. ते काम इतरांचं. हैबतीनं मागं वळून पाहिलं नाही, पण गुडघा जमिनीवर आपटल्याचा आवाज ऐकला. वाकडातिकडा का होईना, चेंडू वर गेला. चिमाजीनं तो हलकेच डावीकडे सोडला. हैबती उडाला. हाताला काय लागलं ते कळायच्या आत पलीकडे धूळ उडाली.

सर्व्हिस पालीची. सगळे एक जागा सरकले. हैबती जाळीपाशी मधोमध आला, आणि त्याच्या शेजारी, गुडघ्याची माती झटकत, बाजीदादा.

सामना थोडक्यात हातचा गेला. परतीच्या पायवाटेवर हैबती सवयीनं थांबला, दादांना पुढं जाऊ द्यायला. "चल की," ते म्हणाले. "वाट तुला ठावी हाय."

पुढं वाडीत हैबतीची कुठलीही गाय व्याली, की पहिला चीक बाजीदादांच्या घरी पोचायचा. तांब्याच्या तोंडाला पळसाचं पान बांधून तो स्वतः डोंगर उतरायचा. साठ साली दादांचा गुडघा धरला आणि त्यांचा खेळ सुटला. चीक यायचा थांबला नाही.

"आरं, दर खेपेला कशाला?" दादा एकदा म्हणाले. "म्या तुला नुसतं फीर म्हनलं."

हैबतीनं तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला.

"तुमी गुडघा टेकलात, दादा," तो म्हणाला. "माझ्यासाठी चेंडू उचलायला."