हवालदारांचा रिकामा रकाना

मकबूल मेहबूब शेख, निवृत्त हवालदार, यांना मी एका जागी पाच मिनिटं बसलेलं पाहिलं नव्हतं. खुर्ची दिली की हे तिची पाठ धरून उभे. पंखा लावला की खिडकीशी. बोलता बोलता व्हरांड्यात, तिथून परत माझ्या टेबलापाशी. समोर कुणी असं येरझाऱ्या घालू लागलं की माझं डोकं फिरतं, आणि ते मी लपवत नाही.

खडकीला माजी सैनिकांसाठी एका संस्थेने दिलेल्या खोलीत मी दर मंगळवारी बसते आणि पेन्शनचे अर्ज तपासून देते. माझी सगळी नोकरी याच कागदांत गेली. निवृत्तीनंतर शनिवार पेठेत घरी बसून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपावरून भांडण्यापेक्षा हे बरं.

मकबूलभाईंचं काम म्हटलं तर साधं होतं. ते सत्त्याऐंशी साली फौजेतून निवृत्त झाले, तेव्हा कागदावर पत्नी म्हणून हमीदाचं नाव होतं. पण हमीदा त्याच्या तीन वर्षं आधीच वारली होती. एकोणनव्वद साली त्यांनी शकीलाशी निकाह केला. पहिलीचं निधन कळवलं नाही, दुसरीचं लग्नही कळवलं नाही. म्हणजे सरकारच्या लेखी हमीदा ठणठणीत, आणि एकवीस वर्षं संसार करणारी शकीला जन्मालाच आलेली नाही. तिला फौजी दवाखान्याचं कार्ड नाही. मकबूलभाईंचं काही बरंवाईट झालं, तर तिला एक पैसाही पेन्शन नाही.

आणि तशी वेळ येऊन ठेपली होती. २०१० चा जुलै महिना. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या, बायपासची तारीख येत्या सोमवारची.

मला चीड कशाची आली सांगते. त्यांच्याच पलटणीतला मच्छिंद्र माझ्याकडे येतो. तो म्हणाला, "हवालदारसाहेब कंपनीच्या ऑफिसात होते. कुणी रजेवर लग्न करून पेढे घेऊन आला की ओरडायचे, 'नोंद आधी, पेढे मग!' माझ्या बायकोचं नाव त्यांनी दोन दिवसांत चढवलं." असा हा माणूस, आणि स्वतःच्या घरची नोंद एकवीस वर्षं लोंबकळत ठेवलेली.

सहा मंगळवार ते आले. निकाहनामा आणला. शकीलाबीबरोबरचा फोटो आणला; त्यात दोघं सीमेवर शत्रू दिसल्यासारखे ताठ. फक्त हमीदाच्या मृत्यूचा दाखला येत नव्हता, आणि अर्जातला तेवढाच रकाना रिकामा होता.

"ग्रामपंचायतीत माणूस नव्हता, बाई." एकदा हे. "भोरच्या रस्त्याला गाडी बंद पडली." दुसऱ्यांदा हे.

"मकबूलभाई," मी शेवटी म्हणाले, "सव्वीस वर्षांत तुमच्या ग्रामपंचायतीत एकदाही माणूस नव्हता? मग गाव चालवतं कोण?"

ते व्हरांड्यात गेले, परत आले, पुन्हा गेले.

ऑपरेशनच्या आधीच्या मंगळवारी शकीलाबी त्यांच्याबरोबर आल्या. सही करायला त्या लागणारच होत्या. बारीक चणीच्या, डोक्यावरून पदर, मांडीवर कापडी पिशवी. हमीदाचा मुलगा रियाज सहा वर्षांचा असल्यापासून यांनीच वाढवला. आता तो पुण्याच्या पलीकडे मांजरी गावात राहतो.

"दाखला?" मी विचारलं.

"आज पण नाही झालं, बाई. ऑपरेशन झालं की जातो."

"आणि ऑपरेशन नाही झालं नीट, तर?" मी फटकन बोलून गेले. बोलायला नको होतं. पण मला राहवलं नाही. समोर ती बाई बसली होती.

ते खिडकीशी गेले. तेवढ्यात शकीलाबींनी पिशवीत हात घातला आणि प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद माझ्यापुढे सरकवला. हमीदा मकबूल शेख, मृत्यू १९ ऑगस्ट १९८४. खाली शिक्का. दाखला अकरा वर्षांपूर्वी काढलेला.

"रियाज दहावीला होता, त्या वर्षी काढला मी," त्या म्हणाल्या. "यांच्या भावाने नोंद केली होती, म्हणून लगेच मिळाला."

मकबूलभाई वळले. "तुझ्याकडे होता? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मागितला नाहीत. मी पुढे केला असता तर लोक म्हणाले असते, हिला घाई झाली. आणि मला वाटायचं, माझं नाव तुम्हाला लावायचंच नाही."

मी अर्ज आणि पेन पुढे केलं. मकबूलभाईंनी पेन घेतलं, पण ते टेकवेनात.

"रेघ तुम्ही माराल का, बाई?" त्यांनी विचारलं.

"कसली रेघ?"

"नावावरची. लाल. एकाहत्तरच्या लढाईनंतर कंपनीच्या यादीतली सात नावं मी कापली. रेघ मारली की त्या पोराची खाटसुद्धा उचलायची, असा कायदा होता. हमीदा गेली तेव्हा मी सरहद्दीवर. तार मिळून घरी पोचलो दहाव्या दिवशी. तिला मातीही दिली नाही मी. आणि तिचं नाव मीच कापू?"

"अहो, कापत नाहीत," मी म्हणाले. "इथे रेघ नसतेच. तिचं नाव तसंच राहतं. पुढे तारीख लिहितात, आणि खालच्या ओळीत शकीलाबींचं नाव येतं."

"राहतं?"

"राहतं."

मकबूलभाई खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. "मग हे आधी सांगायचं नाही का, बाई?"

सहा मंगळवार मी दाखला मागत होते; तो का आणत नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. त्यांनी सावकाश तारीख लिहिली. मग शकीलाबींना विचारून विचारून खालची ओळ भरली, आणि त्यांच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

ऑपरेशन पार पडलं. नोंद मंजूर झाल्याचं पत्र दिवाळीच्या आधी आलं. त्यानंतरच्या मंगळवारी दोघं आले. मकबूलभाई थोडे वाळले होते. त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला.

"ऑपरेशनचे?" मी विचारलं.

"नाही बाई. लग्नाचे."

शकीलाबींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हसतायत. त्या रडत होत्या.