हवालदाराची जळफळ

सुदेश गावडे रत्नागिरीत पोलीस हवालदार होता. नोकरी सोडून तो दुबईत जबल अलीच्या एका गोदामावर सिक्युरिटी गार्ड झाला, पण खाकीतली ऐट काही गेली नाही. कामगारांच्या कॅम्पात भांडण लागलं की सुदेश मध्ये पडायचा आणि त्याचा शब्द चालायचा. कमरुद्दीन येईपर्यंत.

कमरुद्दीन त्याच्याच तालुक्यातला. गावी मासळीचा टेम्पो चालवायचा, मग कुवेतला राहून अरबी शिकला आणि आता इथे गार्ड म्हणून आला. कंपनीने गार्डांचा ओव्हरटाइम अडकवला, तेव्हा सुदेश छाती पुढे काढून साहेबांकडे गेला आणि चहा पिऊन परत आला. कमरुद्दीनने मात्र सगळ्यांच्या वतीने कामगार खात्यात तक्रार नोंदवली आणि तडजोडीची तारीख लागली.

खात्यातल्या अधिकारी बाईंसमोर सुदेश आधी उभा राहिला. "मॅडम, मैं इंडिया में पोलीस था," असं त्याने सुरू केलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कमरुद्दीन अरबीत बोलू लागला आणि त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. ती पुन्हा इकडे वळली नाही. कंपनीला उत्तर द्यायला पुढची तारीख मिळाली.

संध्याकाळी गावाहून बायकोचा, संजनाचा फोन आला. "कमरुद्दीनभाईंनी फार छान मांडलं म्हणे. त्यांची बायको खतीजा सांगत होती."

"मी पण होतो तिथे," सुदेश म्हणाला आणि फोन ठेवला. जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या एचआरमधल्या विजयकुमार साहेबांनी त्याला बोलावलं. हा पुण्याचा माणूस, मराठीतच बोलला. "गावडे, तुम्ही डिसिप्लिनवाले. त्या टेम्पोवाल्याच्या मागे कशाला फिरता? तक्रारीतून नाव काढा. तुमचा हिशोब आजच चुकता करतो आणि पुढच्या महिन्यापासून सुपरवायझर करतो. कमरुद्दीन तुमच्या हाताखाली."

हाताखाली! सुदेशला तो शब्दच गोड लागला. त्याने पेनही उचललं.

"शहाणे आहात," साहेब खूश होऊन म्हणाले. "काल त्यालाही हेच सांगितलं, तर नको म्हणाला. अक्कल लागते हो."

पेन तिथेच थांबलं. कमरुद्दीन नको म्हणाला होता, आणि कॅम्पात कुणापाशी बोलला नव्हता. आता आपण सही केली तर त्याच्या पायाशी जाऊन बसलो. सुदेशला इतर गार्डांची आठवणसुद्धा झाली नाही, त्याला फक्त तो टेम्पोवाला दिसत होता.

"मलाही नको," तो म्हणाला आणि उठला.

एकही माणूस फुटला नाही, तेव्हा कंपनी नमली. पुढच्या बैठकीत बाईंनी तडजोड लिहून घेतली आणि सगळ्यांचा ओव्हरटाइम पगारासोबत जमा झाला. कॅम्पात बिर्याणी शिजली. पोरांनी कमरुद्दीनला खांद्यावर घेतलं.

खाली उतरून तो सुदेशजवळ आला. "हवालदार, तुम्ही पाठीशी होता म्हणून निभावलं."

सुदेशच्या ओठांवर आलं होतं: मलाही खुर्ची देत होते, मीही लाथाडली. पण हा स्वतःच्या नकाराची गोष्ट आधी काढेना, मग आपण कोणत्या तोंडाने काढायची? तो वाट बघत राहिला. कमरुद्दीन त्याच्या ताटात बिर्याणी वाढून पुढच्या माणसाकडे गेला.

अजून दोघे एकाच गेटवर असतात. कमरुद्दीन साहेबांना नकार दिल्याचा विषय काढत नाही, आणि सुदेशला त्याचा तेवढ्यासाठीही राग येतो.