बेरियमची बरणी

सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेची सगळी कामं एक मावशी बघतात. मूळच्या सांगोल्याकडच्या, आता जुळे सोलापुरात लेकीकडे राहतात. त्या दुपारी प्रॅक्टिकल परीक्षा आठवड्यावर आली होती आणि मी क्षारांच्या पुड्या बांधत बसले होते. मावशी छाती चोळत दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, लई जळजळतंय. खायाचा सोडा हाय का कुटं?"

"आत फळीवर पांढरी पावडर आहे बघा. चमचाभर पाण्यातून घ्या," मी मान वर न करता म्हणाले. प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालायचं नाही, असं दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना बजावणारी मीच.

थोड्या वेळानं पुढच्या पुडीसाठी सोडा हवा म्हणून हात पुढे केला. सोड्याची बरणी माझ्यासमोर टेबलावरच होती. सकाळी मीच ती बाहेर काढली होती.

मी आत धावले. फळीवर एका बरणीचं झाकण उघडं होतं, शेजारी ओला चमचा. ॲसिडच्या वाफांनी लेबल करपलं होतं. 'बेरियम' एवढंच वाचता येत होतं, पुढचं गेलेलं.

बेरियमच्या दोन पांढऱ्या पावडरी आमच्याकडे असायच्या. एक सल्फेट. ते पाण्यात विरघळत नाही, ॲसिडातही नाही. पोटाच्या एक्स-रेआधी पेशंटला तेच पाजतात आणि ते जसंच्या तसं बाहेर पडतं. दुसरं कार्बोनेट. तेही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण ॲसिड भेटलं की त्यातला कार्बोनेटचा भाग वायू होऊन उडून जातो आणि बेरियम पाण्यात मोकळा होतो. मोकळा बेरियम म्हणजे विष. आणि माणसाच्या पोटात ॲसिडच असतं.

"सर, रिक्षा थांबवा! आत्ताच्या आत्ता!" मी शेजारच्या खोलीतल्या जीवशास्त्राच्या सरांना ओरडून सांगितलं. चिमूटभर पावडर परीक्षानळीत टाकली, वर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं. विरघळू नकोस, तशीच तळाशी बस, असं मी मनात म्हणत होते.

नळी फसफसली. बुडबुडे थांबले तेव्हा आत नितळ पाणी होतं.

मावशी बाहेर स्टुलावर बसल्या होत्या. "तोंडाला मुंग्या आल्यात बगा," त्या म्हणाल्या.

रिक्षात त्यांना दोनदा उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नक्की कार्बोनेटच?"

"ॲसिडात फसफसून सगळं विरघळलं. सल्फेट असतं तर तळाशी राहिलं असतं."

त्यांनी फोनवरून कुणाला तरी विचारलं आणि मॅग्नेशियम सल्फेटचं पाणी मागवलं. पोटात उरलेल्या बेरियमला सल्फेट मिळालं की तो पुन्हा न विरघळणारा होतो. पण रक्तात गेला होता तो गेलाच होता. त्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरत होतं आणि त्यावाचून स्नायू चालत नाहीत. संध्याकाळी मावशींना पाय उचलता येईना. नर्स म्हणाली, "माझा हात दाबा," तर बोटं नुसती हलली. मशीनवर हृदयाचे ठोके मध्येच चुकत होते.

लेक धावत आली. "आईनं काय खाल्लं? कुणी दिलं?"

सर माझ्याकडे बघत होते. "मी सांगितलं म्हणून घेतलं," मी म्हणाले. "बरणी न बघता सांगितलं."

ती आत गेली आणि पडदा ओढून घेतला.

रात्रभर सलाईनमधून पोटॅशियम दिल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी आपल्या हातानं चहाचा कप धरला. आणखी चार दिवसांनी त्या घरी गेल्या. मी प्राचार्यांना सगळं लिहून दिलं, त्यात 'आत फळीवर पांढरी पावडर आहे बघा' हे माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

महिन्याभरानं त्या कामावर आल्या. मी माफी मागू लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की मॅडम. जगले न्हवं?" पण आता मी त्यांच्या हातात काहीही दिलं, अगदी साधी खडूची पेटीसुद्धा, तरी त्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात. "हे काय हाय?" असं विचारतात. मी नाव सांगते. मगच त्या हात पुढे करतात.