आधी माती, मग पाणी

“आधी माती, मग पाणी,” असं म्हणत आमच्या ओळखीचे ते मेकॅनिक गॅरेजच्या नळाशी उकिडवे बसायचे. नळाशेजारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात चाळलेली कोरडी माती. मूठभर घ्यायचे, हाताला चोळायचे आणि मातीचं धुणं धरून मोजून सात वेळा धुवायचे. रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांत कुत्र्याची लाळ लागली की असंच धुतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा सोपस्कार करायचा तर कुत्रा पाळावाच कशाला? मीही विचारलं होतं. तर म्हणाले, “वैनी, तो कुत्रा नाय, वॉचमन हाय. अर्बाबानं नाय ठेवला, तो आपणच कामावर लागला.” अर्बाब म्हणजे गॅरेजचा ओमानी मालक. कुत्र्याचं नावच मग वॉचमन पडलं. मस्कतच्या गाला भागातल्या त्या गॅरेजांच्या गल्लीत एक दिवस उगवलेला, एक कान फाटका, रंग धुळीचा.

मी मुलाकडे गालाला राहायला आले तेव्हा गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. गॅरेजमागे उघडा डोंगर. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी सकाळी ते दोघं तिथं चढायचे, मी मागून. पुढे ते, मध्ये वॉचमन, शेवटी मी. मी थांबले की वॉचमन थांबायचा, आणि वॉचमन थांबला की ते न वळता म्हणायचे, “वैनी दमल्या वाटतं.” खायला घालायचे ते लांबून. अंगावरून हात फिरवताना कधी पाहिलं नाही. त्यानं लाडात येऊन हात चाटलाच तर तक्रार नाही, सरळ नळाशी जाऊन बसायचे.

मग अर्बाबानं गॅरेज बंद करायचं ठरवलं. चौतीस वर्षं इथं काढलेला माणूस, व्हिसा रद्द, खलास. घरी मुली, नातवंडं, सगळे वाट बघत होते. त्यांना काळजी एकच. “माझं तिकीट झालं वैनी. ह्याचं काय?” गल्लीत नवा मालक आला की कुत्र्यांना हाकलतात, कधी त्याहून वाईट करतात. मी नेला असता, पण आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्रा चालत नाही. सुनेला विचारायचं धाडसही झालं नाही, खरं सांगते.

जबल शम्सच्या उंच डोंगरावर बकऱ्या राखणारा एक म्हातारा त्यांच्या ओळखीचा, त्याची गाडी ते दुरुस्त करायचे. तो म्हणाला, आणा. ठरला तो शुक्रवार. नेमकं आदल्या दिवशी वर बर्फ पडलं. ओमानात बर्फ! मुलगा फोटो काढायच्या आनंदात. मी चकल्या केलेल्या, डबा शोधत होते. त्यांनी आधीच मुलाच्या गाडीत ठेवलेला तो पत्र्याचा डबा दिसला. आत माती. मला वाटलं, बाई बाई, काय हे गॅरेजवाले. माती गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतली, डबा घासला, चकल्या भरल्या. ते काय आहे हे मला माहीत असून, बघा. प्रवासाच्या घाईत डोकं चालत नाही ते असं.

गाडी जिथवर गेली तिथून म्हाताऱ्याचं घर तासभर चालायचं. मुलगा गाडीपाशी थांबला. सगळीकडे पांढरं, मध्ये काळे खडक आणि खुरटी झाडं. वॉचमननं बर्फ हुंगलं, शिंकला, थोडं खाल्लंही. मला हसू आलं. पण अर्ध्या वाटेवर तो मागे पडायला लागला. पंजांच्या बोटांत बर्फ अडकलेलं, एक पाय उचलून धरलेला. मग खालीच बसला आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

ते परत आले. त्या ओल्या कुत्र्याला उचललं आणि करडासारखं खांद्यावर घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वॉचमननं त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. मी मागून चालत होते, मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

पोचलो तर नमाजाची वेळ झालेली. म्हाताऱ्यानं घालायला आपला धुतलेला दिशदाशा, तो पायघोळ झगा, दिला. त्यांनी माझ्याकडे डबा मागितला. मी पिशवीतून काढला, आणि उघडायच्या आधीच मला आठवलं. त्यांनी झाकण काढलं, चकल्यांकडे पाहिलं.

“माती कुंडीत ओतली,” मी म्हटलं.

“तुळशीच्या?”

मी मान हलवली. ते हसले. मग बर्फात गुडघे टेकून खिशातल्या गॅरेजच्या किल्लीनं एका दगडाखालची जमीन खरवडायला लागले. मूठभर माती निघेपर्यंत बोटं निळी पडली. मी बाटलीतलं पाणी ओतत होते आणि मोजत होते. मान, कान, हात. पाणी कसलं, सुऱ्याच.

“सात झाले,” मी म्हटलं.

हात पुढेच. “अजून एकदा घाला.”

मी घातलं. ते धुण्यासाठी नव्हतं, एवढं मला कळलं.

निघताना वॉचमनला दाराशी बांधलं. तो भुंकला नाही. उतरताना पूर्ण वाट ते पुढे, मी मागे. मधली जागा तशीच सोडून आम्ही चाललो. मी दोनदा थांबले, पण वळून विचारणारं कुणी नव्हतं, कारण मी दमलेय हे त्यांना सांगणारा वर राहिला होता.

आठवड्यानं ते गावी गेले. आणि ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं माझ्या मुलाला फोन केला. दोरी कुरतडून वॉचमन निघून गेला होता. आम्ही गाला पालथं घातलं, डोंगराच्या रस्त्यावर दोनदा जाऊन आलो. बंद गॅरेजच्या शटरपाशी मी अजून पाणी ठेवते. पितात ती मांजरं.

ते दर शुक्रवारी फोन करतात. पहिल्याच फोनला त्यांनी वॉचमनचं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मजेत आहे. मग मजेतच ठेवावा लागला. कधी तो बकऱ्या हाकतो, कधी जाडा झालाय. ह्या शुक्रवारी त्यांचा आवाज खोल गेलेला. छातीचं दुखणं आहे म्हणाले. मी घाईघाईनं सांगितलं, परवा आम्ही वर जाऊन आलो, मला बघून अंगावरच उडी मारली त्यानं.

पलीकडून खोकला ऐकू आला.

“हात चाटला काय तुमचा?”

“चाटला.”

“मग धुवा वैनी,” ते म्हणाले. “आधी माती, मग पाणी.”

फोन ठेवला. सून विचारत होती, आई, काय झालं. मी गॅलरीत गेले, तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती घेतली आणि बेसिनपाशी उभी राहून मोजायला लागले.