निळ्या कॅसेटमधलं नाव

सदर बाजारातल्या त्या दुकानदाराचं नाव मी कधी विचारलंच नाही. व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी उघडून तो आतली चिप बदलतो. मग टीव्हीला लावली की गेम नाही, त्यानं स्वतः रचलेली टूंटूं गाणी वाजतात. काम करताना स्क्रू ओठांत धरतो, म्हणून बोलणं सगळं नाकातून. मला आवडतो बाई तो माणूस. माळ्यावरच्या सगळ्या कॅसेटी मीच त्याला नेऊन दिल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. "आई, निळी नाही ना दिलीस? त्यात बाबांचा स्कोअर सगळ्यांत वर आहे, नावासकट."

हे जाऊन चार वर्षं झाली. चेरीतालच्या घरून दुकानापर्यंत ऑटो केला, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

निळी कॅसेट त्याच्यापुढे उघडीच पडलेली.

"पुसलं काय रे?"

"हात नका लावू, काकू. उघडायच्या आधी मी लावून पाहतो. नाव दिसलं, म्हणून चिप नाही काढली, नुसती उघडून पाहिली. पण आतला सेल मरून राहिला. तो गेला की नाव गेलं."

त्यानं नवा सेल तारांनी आधी जोडला, मगच जुना काढला. तेवढ्या वेळात मी बोटं चोळून चोळून लाल केली.

टीव्ही लावला. ह्यांचं नाव वरच होतं.

"आता कोणाला खेळू देऊ नका," तो म्हणाला. "कोणी जास्त स्कोअर केला तर काका खाली येतील."

सुट्टीत नातवंडं येणार आहेत. मी आत्तापासूनच घाबरून राहिले.