पोऱ्या वाचना का?

जळगावात माझं फिजिओथेरपीचं छोटं केंद्र आहे. दुखरे गुडघे, आखडलेले खांदे, दिवसभर हेच. काही वर्षांपूर्वी एका सकाळी एका मुलीने आपल्या मावशीला व्हीलचेअरवरून आत आणलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. चेहरा सुरकुतला होता, पण हनुवटी तीच होती.

लहानपणी आम्ही राहायचो त्या दीपनगरच्या कॉलनीत मैदानावर पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. तिथे मी आईच्या मांडीवर बसून ती हनुवटी पाहिली होती. तापाने फणफणलेल्या मुलाला पाठीशी बांधून, कोरड्या नदीच्या पात्रातून तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालेली आई. शेवटी ती नुसती चालत राहते. शब्द नाही, गाणं नाही. चालता चालताच सिनेमा संपतो. ती आई झालेल्या या बाईंनी नंतर पुष्कळ कामं केली, पण लोकांच्या लेखी त्या ती आईच राहिल्या.

"नुसती बघत बसणार आहेस, की पायही बघशील?" त्या म्हणाल्या.

बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण त्या पाऊल टाकायला धजत नव्हत्या. वॉकर धरून उठायच्या, घामाघूम व्हायच्या, बसायच्या. एकदा मी न राहवून म्हणाले, "ताई, तुम्ही तर केवढी नदी चालून गेलात!"

"अगं, मध्ये मध्ये खुर्ची मिळायची मला. आणि पाठीवर पोर कुठलं? गोधडीचं गाठोडं होतं."

खोटं कशाला सांगू, थोडी हिरमुसलेच.

त्याच आठवड्यात भडगावकडची एक म्हातारी गुडघ्यासाठी आली होती. शेतात जन्म गेलेला, हाताला चिरा. ती बाकावरून बाईंकडे टक लावून पाहत होती. मग भिंतीला धरत जवळ आली.

"अक्का, तू तीच शे ना? पोऱ्या लिसन चालनारी?"

पोर घेऊन चालणारी ती आपणच, अशी बाईंनी सवयीने हसून मान हलवली. लोक पाया पडतात, फोटो मागतात, तसंच काही असेल असं मलाही वाटलं. म्हातारीने मात्र बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "मंग तो पोऱ्या वाचना का?"

इतकी वर्षं ही म्हातारी हा प्रश्न मनात घेऊन जगली होती. मी बाईंकडे पाहिलं. गाठोड्याचं त्या आता सांगतील, अशी भीती वाटली.

"वाचला," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात पोचलो आम्ही. चांगला मोठा झाला."

म्हातारीने डोळ्याला पदर लावला. "माले वाटेच," ती म्हणाली, आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.

ती गेल्यावर मी विचारलं, "हे तुम्ही तिच्या समाधानासाठी सांगितलंत ना?"

"नाही गं. दिग्दर्शकाला मी खूपदा विचारलं होतं, त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग माझं मीच ठरवलं, की पोरगा वाचणार. तसं ठरवलं नसतं तर एक पाऊल उचललं नसतं माझं." मग म्हणाल्या, "आजवर कोणी विचारलंच नव्हतं."

पडद्यावर मी पाहिलं होतं ते चालणं खरंच होतं तर.

त्या दिवशी त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर एका दुपारी, मी दुसऱ्या पेशंटचा खांदा फिरवत असताना, मागे वॉकरचा टकटक आवाज झाला. वळून पाहिलं तर बाई दारापर्यंत पोचल्या होत्या. हनुवटी वर, नजर समोर. हाक मारायचीही माझी छाती झाली नाही.

आता त्या काठी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत जातात. मेथी निवडून घेतात, भावावरून वाद घालतात आणि पिशवी स्वतःच उचलून परत येतात.