सलोमीची तीन टेबलं

सलोमी किन्सीच्या स्वयंपाकघरात तीन टेबलं होती आणि तिला स्वतःला बसायला जागा नव्हती.

सिकॅमोर क्रीकच्या काठची माणसं ही गोष्ट हसत हसत सांगतात. सांगोत बापडी! दोन वर्षं रोज तीन वेळा चुलीजवळ उभ्यानं जेवून बघा म्हणावं, मग हसा खुशाल.

खिडकीपाशी लहान टेबल होतं ते तिच्या वडिलांचं, ओबेद डेनलिंगरांचं. मधलं मोठं नवऱ्याचं, नोहाचं. आणि दाराजवळ, लाकडाच्या पेटीला खेटून, धाकट्या भावाचं, टोबायसचं. तो सुतार, त्यामुळे ते त्यानं स्वतःच ठोकून घेतलं होतं. तिघं एका छपराखाली राहायचे, एकाच पातेल्यातलं खायचे, आणि तिघांच्या मंडळ्या, म्हणजे चर्चं, मात्र तीन.

पूर्वी असं नव्हतं. सलोमी सतरा वर्षांची होती तेव्हा सगळ्या ओहायोत आम्हा ब्रदरन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची एकच मंडळी होती. तिच्या बाप्तिस्म्याला भर जानेवारीत क्रीकवरचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडून तिला पाण्यात गुडघ्यावर बसवलं आणि बापाच्या, पुत्राच्या, आत्म्याच्या नावानं तीनदा तोंडावर बुडवलं. काठावर ओबेद घोंगडी घेऊन उभे होते. घोंगडीत गुंडाळून त्यांनी तिला छोट्या पोरीसारखं उचलून घरी आणलं होतं. त्या दिवसाची आठवण काढली की तिचे डोळे भरून यायचे.

मग भांडण लागलं. कशावरून म्हणाल? पाय धुण्यावरून! प्रीतिभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीसाठी सगळे एकत्र जेवतात त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. जुनी रीत अशी, की एकानं धुवायचे आणि दुसऱ्यानं मागून येऊन पुसायचे. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की प्रभूनं स्वतःच धुतले आणि स्वतःच पुसले, तर आपणही तसंच करायला हवं. झालं! पायाशी वाकणारी माणसं एकमेकांच्या छाताडावर बसली. त्यात रविवारच्या शाळेचा वाद, पगारी उपदेशकांचा वाद. १८८१ साली ओबेद जुन्या रीतीच्या लोकांना घेऊन बाहेर पडले. पुढच्या वर्षी टोबायसला मंडळीनं बाहेर काढलं, कारण तो नव्या विचारांच्या सभेला जाऊन आला होता, आणि तेसुद्धा गळ्यात टाय बांधून.

मधल्या, मूळच्या मंडळीत राहिला नोहा, आणि त्याच्याबरोबर सलोमी. तो तिथला डीकन, मंडळीचा सेवक-कारभारी. नोहा तसा वाईट माणूस नव्हता. पण घरजावई! सासऱ्याचं शेत कसायचं, सासऱ्याच्या छपराखाली निजायचं, आणि मंडळीत मात्र कुणी ‘हा सासरच्यांना सांभाळून घेतो’ म्हणू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचा. टोबायसला काढलं त्या सभेत ठराव आला: ज्याला प्रभूच्या भाकरीपासून दूर ठेवलं, त्याच्याबरोबर घरातही एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्या हातून वाढून घ्यायचं नाही. तो ठराव मांडला कुणी? नोहानंच. संध्याकाळी घरी येऊन त्यानं मान खाली घालून सलोमीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी टोबायसनं करवत काढली, तर ओबेदांनीही आपलं वेगळं टेबल खिडकीपाशी मांडलं.

पहिल्या दिवशी सलोमी नोहाजवळ बसली. ओबेदांनी ताट सरकवलं. त्यांच्या मंडळीचा नियम नोहाच्या नियमापेक्षा तसूभर जास्तच कडक. “परक्यांच्या टेबलावरून उठलेल्या हातचं मी खात नाही,” म्हणाले, आणि म्हातारा तीन दिवस नुसत्या दुधावर राहिला. चौथ्या दिवशी ती बापाजवळ बसली, तर रविवारी मंडळीतल्या दोन बायकांनी रीतीप्रमाणे तिला चुंबन देऊन स्वागत करायचं टाळलं. त्यानंतर ती बसलीच नाही. चुलीच्या कडेला टेकून, बशी हातात धरून, जमेल तसं खायची.

आणि बोलणं? तेही तिच्यातूनच.

“सलोमी, नवऱ्याला विचार तुझ्या, कुंपणाचा खांब बसवला का म्हणून.”

नोहा हातभर अंतरावर. “सलोमी, बाबांना सांग, कालच बसवला.”

“सलोमीताई,” दारातून टोबायस, “दोघांनाही सांग, खांब वाकडा बसलाय.”

“तुम्हाला तिघांना देवानं कान दिलेत ना?” ती ओरडायची. “मग मला कशाला मधे घालता?” यावर तिघंही सूप प्यायला लागायचे.

अशी दोन वर्षं होत आली, त्या वसंतात ओबेद अंगणात पडले. तेव्हापासून त्यांचा हात थरथरायला लागला. ओठांशी जाईपर्यंत चमच्यातलं अर्धं सांडायचं. डॉक्टरांनी सलोमीला बाजूला घेऊन सांगितलं की हा हिवाळा काढला तर खूप झालं. त्या दिवसापासून तिच्या मनानं एकच धरलं: बाबा आहेत तोवर या घरातल्या चौघांनी एकदा, फक्त एकदा, एका टेबलावर बसून जेवावं.

ती एकेकाला विनवून थकली. ओबेद म्हणाले, “टोबीनं माझ्यापुढे पश्चात्ताप करावा, त्या नोहा किन्सीनं मंडळी सोडावी. मग कालवण वाढ.” नोहा म्हणाला, “सलोमी, माझा जीव तुटतो गं, पण मी डीकन आहे.” टोबायस म्हणाला, “मी कुठंही बसतो ताई. मला बसवून कोण घेतंय?”

ऑक्टोबर उजाडला. शनिवारी प्रीतिभोजन ठरलं. त्याआधी दोन डीकन घरोघर जातात आणि मंडळीतल्या प्रत्येकाला, बायांनासुद्धा, तीन प्रश्न विचारतात. कुणाच्या मनात कुणाबद्दल काटा असेल तर तो आधी काढायचा, नाहीतर भोजन होत नाही. खरं सांगायचं तर सगळे कामाच्या गडबडीत ‘हो, हो, हो’ म्हणून मोकळे होतात. सलोमीसुद्धा म्हणायची.

तर त्या मंगळवारी दारावर टकटक झाली. सलोमी बीन्स निवडत होती. दार उघडते तर समोर तिचाच नवरा! पाठीमागे दुसरे डीकन, अब्राम वेंगर. दोघांच्या हातात टोप्या.

“आत येऊ का, भगिनी सलोमी?” नोहा म्हणाला.

एरवी असतं ना, तर ती हसून लोळली असती. नवरा बायकोला भगिनी म्हणतोय! पण रीतच तशी. “या, बंधू नोहा,” ती म्हणाली. “पायपुसणं समोरच आहे, तुम्हाला ठाऊक असेलच.”

अब्राम खोकले. नोहानं घसा साफ करून पाठ केलेलं विचारलं, “ख्रिस्तावरच्या विश्वासात तू अजून आहेस ना?”

“आहे.”

“तुला ठाऊक आहे तिथवर, मंडळीशी आणि सगळ्यांशी तुझी शांती आहे ना?”

सलोमीनं बीन्सची टोपली खाली ठेवली. मधल्या टेबलाकडे पाहिलं, खिडकीकडे, दाराकडे.

“नाही,” ती म्हणाली.

अब्राम वेंगर बत्तीस वर्षं हे प्रश्न विचारत होते. असं उत्तर त्यांनी ऐकलंच नव्हतं. “म्हणजे… नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. शांती नाही. लिहून घ्या.”

तिसरा प्रश्न विचारायचं नोहा विसरूनच गेला.

दुसऱ्या दिवसापासून क्रीकच्या दोन्ही काठांवर हाच विषय. त्यात एक मोठी पंचाईत. प्रीतिभोजनाची बिनखमिराची भाकरी डीकनच्या बायका भाजतात, आणि आमच्याकडे अकरा वर्षं ती सलोमीच भाजत होती. पातळ लाटायची, काट्यानं ओळीत टोचायची, डाग पडू न देता भाजायची. तिच्यासारखा हात कुणाचा नाही. आता शांती नसलेल्या हाताची भाकरी चालणार कशी?

नोहा तिच्या मागे मागे फिरायला लागला. “एक ‘हो’ म्हण. एवढंच. तुझं काय जातंय?”

“दोन वर्षं ‘हो’च म्हणत आले ना? काय मिळालं? पाय सुजले.”

“पण तुला हवंय तरी काय?”

“बसायला खुर्ची,” ती म्हणाली. “बाबा, टोबी, तू आणि मी. एक टेबल. एक दिवस.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग शांतीही माझ्या हातात नाही.”

गुरुवारी सभा भरली. मंडळीचे मुख्य सायमन गार्बर, मऊ स्वभावाचे, सगळ्यांना हवेसे. उजवीकडे पुरुष, डावीकडे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बाया. सायमनभाऊंनी तिला उभं केलं आणि प्रेमानं विचारलं, “भगिनी, तुझी शांती कुणाशी नाही?”

“तीन टेबलांशी.”

कुणीतरी फिसकन हसलं.

“टेबल मंडळीचं सभासद नसतं, बाई. शास्त्र काय सांगतं? ज्याच्याशी वाद, त्याच्याकडे आधी एकट्यानं जा, मग दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे ये. तेव्हा नाव सांग.”

“माझे वडील आणि माझा भाऊ.”

“ते आपल्या मंडळीत नाहीत. त्यांच्यावर आपला अधिकार चालत नाही. आपल्यातलं नाव सांग.”

आता सलोमीच्या लक्षात आलं की हे आपल्याला कुठं आणून उभं करतायत. मंडळीतला, तिच्या घरातला, माणूस एकच. नाव घेतलं तर नोहाचं डीकनपण जाणार, शनिवारी त्याला टेबलावर बसू देणार नाहीत, आणि घरी चौथं टेबल लागणार. नाव नाही घेतलं तर तिचं म्हणणं रद्द. तिनं निमूट घरी जावं, भाकरी भाजावी आणि पुन्हा चुलीला टेकून उभं राहावं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी तरी मनापासून विचारत होतं, आणि विचारताना सगळी दारं लावून घेतली होती! तिनं पुरुषांच्या बाकांकडे पाहिलं. नोहा टोपीचा काठ बोटांनी चाचपत बसला होता.

“नाव सांगते,” ती म्हणाली. “सलोमी किन्सी.”

“हे काय बोलणं झालं?”

“खरं तेच बोलतेय. गेल्या वर्षी तुम्ही शांती आहे का विचारलंत, मी ‘आहे’ म्हणाले. त्याच्या आदल्या वर्षीही म्हणाले. खोटं होतं ते. दोन्हीदा देवाच्या माणसांशी खोटं बोलून मी भाकरी भाजली आणि तुम्हा सगळ्यांना खाऊ घातली. माझी शांती तिच्याशी नाही.”

मागच्या बाकावरची एक म्हातारी रडायला लागली. सायमनभाऊ कितीतरी वेळ दाढी कुरवाळत राहिले. माफ करावंसं त्यांना वाटत होतं, हे दिसत होतं. पण डीकनांशी खोटं बोलल्याचा गुन्हा तिनं सगळ्यांसमोर कबूल केला होता, आणि “पश्चात्ताप होतो का?” म्हणून विचारल्यावर “खोट्याचा होतो. शांती अजून नाही,” एवढंच बोलली. शेवटी मतं घेतली. पुढच्या वसंतापर्यंत भगिनी सलोमीला भाकरीपासून दूर ठेवायचं.

“आणि घरातलं?” अब्राम वेंगरांनी दबक्या आवाजात विचारलं. “टोबायसच्या वेळचा ठराव आहे ना…”

सगळ्यांच्या माना नोहाकडे वळल्या. ठराव ज्याचा, त्यानं तो नको म्हणायला हवा होता. नोहा अर्धवट उठला, तोंड उघडलं, पुन्हा बसला. ठराव सलोमीलाही लागू झाला.

शनिवारी प्रीतिभोजन झालं. भाकरी अब्रामच्या बायकोनं भाजली. कडा करपल्या म्हणे. सलोमी घरी होती.

रविवारी दुपारी तिनं कोंबडीचं कालवण आणि शेवया केल्या. नेहमीसारखं बापाचं ताट खिडकीपाशी नेऊन ठेवलं. मग दोन बश्या भरल्या, दाराजवळच्या टेबलावर नेल्या, लाकडाची पेटी पायानं ओढली आणि भावाशेजारी बसली. आता तिला कुणाची बंदी? दूर ठेवलेलीनं दूर ठेवलेल्याजवळ जेवायला तिच्या मंडळीचा नियम आड येत नव्हता. टोबायस तिच्याकडे बघतच राहिला. “ताई,” तो म्हणाला, “पेटी डुगडुगते, खुर्ची घे की माझी.”

“जेव मुकाट्यानं,” ती म्हणाली. तिला हुंदका येत होता आणि भूकही लागली होती.

ती मान वर करून बघते तर खिडकीपाशी ओबेदांचं ताट तसंच होतं. आता पुन्हा तीन दिवस दूध! म्हातारा तिच्याकडे टक लावून बघत होता. मग त्याचा थरथरता हात चमच्याकडे गेला. त्यानं खायला सुरुवात केली, पण तो खिडकीतच राहिला, तिकडून उठला काही नाही.

तेवढ्यात नोहा आत आला. तिच्या हातून घ्यायचं नाही, म्हणून त्यानं पळी शोधली. कुठं असते ते बावीस वर्षांत त्याला माहीत नव्हतं. कशीबशी बशी भरून तो मधल्या टेबलापाशी गेला. चार खुर्च्या, चारही रिकाम्या. त्यानं एक मागे ओढली, पुन्हा आत सरकवली. दाराकडे दोन पावलं टाकली, थबकला. शेवटी चुलीच्या कडेला टेकून उभा राहिला आणि बशी हातात धरून खायला लागला, जमेल तसं.

मग खिडकीपाशी ओबेद खाकरले. मंडळी फुटल्यापासून तीन वर्षांत जावयाशी एक शब्द थेट न बोललेला माणूस त्याच्याकडे बघून म्हणाला, “अरे नोहा, बस की कुठंतरी! माणसानं असं उभ्यानं जेवू नये.”

सलोमीचा घास हातातच राहिला. दोन वर्षं, रोज तीन वेळा, ती त्याच जागी उभी होती. तिनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग उठली, पातेल्यापाशी गेली, नोहाला वळसा घालून स्वतःच्या बशीत आणखी दोन पळ्या वाढून घेतल्या, आणि परत येऊन बसली.